फिलूबाईंचा वाटा

रापण ओढून झाली आणि जाळं वाळूवर आलं की आमच्या किनाऱ्यावर येणारा जाणारा एकच विचारतो, "काय गावला?" काय मिळालं, एवढाच त्याचा अर्थ. फिलूबाई हा प्रश्न सगळ्यालाच विचारत. पेपरात दंगलीची बातमी आली, काय गावला? शेजारणीची म्हैस विहिरीत पडली आणि अर्ध्या गावाने ती बाहेर काढली, काय गावला? पहिलीतल्या पोराने थुंकी लावून दुसऱ्याची पाटी पुसली, तरी बाईंचं तेच. घडलेल्या गोष्टीतून काहीतरी हाताला लागलंच पाहिजे, रिकामं जाळं घेऊन घरी जायचं नाही, असा त्यांचा हट्ट. आणि हाताला जे लागे ते बहुतेक वेळा येशूचंच निघे. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. प्रवचन मला झेपत नाही, मग ते कुठल्याही धर्माचं असो.

मी सावंतवाडीची. १९९८ च्या जूनमध्ये बदली होऊन आचऱ्याच्या अलीकडच्या या गावात, प्राथमिक शाळेत आले. राहायला खोली मिळाली ती फिलूबाईंच्या शेजारी. हजेरीपटावर त्यांचं नाव फिलोमिना फर्नांडिस होतं, पण ते नाव सरकार सोडून कोणी वापरत नसे. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा दोनेक वर्षं उरली होती. उंच, काटकुळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, शाळेत सुती साडी आणि घरी बारीक फुलांचा झगा. बारा महिने हातात काळी छत्री. पावसात ती उघडत, उन्हात उघडत, आणि उरलेल्या वेळी समोरच्याला मुद्दा पटवण्यासाठी वापरत. लग्न केलं नव्हतं. भाऊ आणि भावजय लवकर गेले, त्यांचा मुलगा आंतोन याला बाईंनीच वाढवलं होतं. शाळेत त्या पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत आणि चिडल्या की मालवणीत उतरत. त्यामुळे भाषा ऐकूनच आम्ही सावध होत असू.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला कांदा भलताच महागला. पेपर अकराच्या एस. टी. ने येई. मुख्याध्यापक गुरुजींनी तो उघडला आणि सरकारच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. फिलूबाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गुरुजी, कांद्यासाठी रडणारे आपण पहिले नव्हे." आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. मोशेने आपल्या लोकांना गुलामीतून सोडवून वाळवंटात आणलं. रोज सकाळी देव आभाळातून त्यांना खायला पाठवी. पण ते लोक तंबूच्या दारात बसून रडायला लागले, की तिकडे इजिप्तमध्ये आम्हाला मासे मिळत होते, कांदे मिळत होते, लसूण मिळत होती. गुरुजी वैतागले. यातून आम्ही काय घ्यायचं, कांदा खायचा नाही का, असं त्यांनी विचारलं. "खावा की," बाई म्हणाल्या, "पण कांद्यासाठी परत गुलामीत जाऊ नये." गुरुजींनी पेपर तोंडासमोर धरला तो शाळा सुटेपर्यंत. घरी परतताना मात्र बाई मला हळूच म्हणाल्या, "काल बाजारात मी पण कांदे घेतलंय गो. रडत घेतलंय." त्या दिवसापासून मी त्यांच्यावर रागावणं थोडं कमी केलं.

लोकांना वाटायचं की या बाई सगळ्यांना ख्रिस्ती करायला निघाल्या आहेत. तेव्हाची हवाही तशीच होती. कुणीतरी तालुक्याला तक्रार केली की फर्नांडिस बाई वर्गात धर्माचा प्रचार करतात, आणि एक अधिकारी चौकशीला येऊन वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. बाईंनी त्यांच्यासाठी वेगळं काही केलं नाही. मुलांना विचारलं, घरी काल काय झालं? एका मुलीने सांगितलं, गणपती पाटावरून उठवताना आजी रडली. काय गावला? मुलगी म्हणाली, "पावणो रवाचो नाय ता ठावक असला तरी जेवण मनापासून करूचा." बाईंनी मान डोलावली, अधिकाऱ्यांकडे वळल्या आणि स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "मी फक्त काय मिळालं ते विचारते, साहेब. कुणाला काय मिळतं ते ज्याच्या त्याच्या घरचं असतं. तुम्हाला काय मिळालं तेही लिहून न्या." अधिकारी चहासुद्धा न घेता गेले. तक्रारीचं पुढे काही झालं नाही.

देवाशीही त्या असंच वागत. त्यांच्या घरात येशूची एक जुनी तसबीर होती, तिच्यासमोर रोज संध्याकाळी खोबरेल तेलाचा दिवा. दिवा लावता लावता त्या तसबिरीला दिवसाचा जाब विचारत. भिंत एकच असल्याने मला सगळं ऐकू येई. "ह्यां तू बरां केलंस नाय हां," असं त्या अगदी घरच्या माणसाला सांगावं तसं सांगत. रविवारच्या मिसेच्या उपासनेत भाविकांच्या प्रार्थना वाचायचं काम गावच्या चर्चने, म्हणजे इगर्जेने, त्यांच्याकडे दिलं होतं. छापील कागद बाजूला ठेवून त्या आठवड्याच्या पेपरातून प्रार्थना तयार करत. गुजरातेत भूकंप झाला तेव्हा तिथल्या लोकांसाठी केली, आणि त्याच दमात तालुक्याच्या दवाखान्याला डॉक्टर मिळावा म्हणूनही केली. प्रत्येक मागणीनंतर सगळी माणसं एका सुरात म्हणत, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." ही सवय पुढे गावाला चांगलीच नडली.

आता रापणीचं सांगायला हवं, कारण बाईंचं खरं भांडण तिथेच झालं. रापण हे एकट्यादुकट्याचं काम नाही. होडी समुद्रात अर्धवर्तुळ काढत जाळं टाकत जाते, त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन रांगा करून माणसं ते ओढतात. जाळंही एकाचं नसतं. घरोघरचे तुकडे जोडून ते होतं. ज्याचा तुकडा त्याचा वाटा, आणि संघातल्या ओढणाऱ्यांचा वेगळा. वाटेने जाणाऱ्याने येऊन हात लावला तर त्याला वाटा नाही, त्याला निस्त्याक मिळतं, म्हणजे त्या दिवसाच्या कालवणापुरते मूठभर मासे. निस्त्याक देतात ते मर्जीने आणि वाटा मिळतो तो हक्काने. मासळीवर वाढूनही सावंतवाडीच्या बाजारात मला हा फरक कधी कळला नव्हता.

फिलूबाईंच्या वडिलांचा तुकडा अजून रापणीत होता. गाबित मच्छीमारांच्या जाळ्यांना जोडलेलं ते एकच ख्रिस्ती घराचं जाळं. त्याचं फर्नांडिसाचं जाळं हे नाव तसंच राहिलं होतं. सुट्टीच्या दिवशी बाई छत्री वाळूत रोवून, पदर खोचून दोराला लागत. निवृत्त झाल्यावर तर रोजच.

आणि नेमका त्यांच्याच आंतोनने ट्रॉलर घेतला. आखातात काही वर्षं काढून तो परत आला होता, त्याने रस्त्याला स्लॅबचं घर बांधलं आणि यंत्राची मोठी बोट आणली. ट्रॉलर आणि रापणकर यांचं आमच्या किनाऱ्यावर हाडवैर. ट्रॉलर रात्री किनाऱ्याजवळ घुसतात, तळ खरवडून नेतात, आणि सकाळी रापणीला कचरा येतो. फिलूबाईंनी आंतोनला तोंडावर सांगितलं की तू पोराबाळांच्या ताटातलं ओढतोस. आंतोन त्यांना आते म्हणे. तो हसला आणि दुसऱ्या दिवशी त्याने टोपलीभर कोळंबी पाठवली. बाईंनी टोपली तशीच परत केली. तरी दोघांचं येणं-जाणं सुरू होतं, नाताळला तो येऊन त्यांच्या पाया पडत होता.

बाबल हा रापणीतला सगळ्यात चांगला गडी. तो आपलं जाळं विकून आंतोनच्या ट्रॉलरवर गेला. रापणकर इतके चिडले की संघाने ठरावच केला, ज्या घरातला माणूस ट्रॉलरवर जाईल त्या घराने दोराला हात लावायचा नाही. त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत फिलूबाईही होत्या. मग एका हिवाळ्यात अवेळी वादळ उठलं. ट्रॉलर कसाबसा बंदराला लागला, पण बाबल त्यावर नव्हता. मागे त्याची बायको रत्नी, दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू राहिली.

त्या संध्याकाळी फिलूबाईंच्या घरात दिवा लागला नाही. मला वाटलं तेल संपलं, म्हणून मी वाटीत तेल घेऊन गेले. बाई तसबिरीसमोर अंधारात बसल्या होत्या. "तेल नको," त्या म्हणाल्या. "आज तेका काळोखात बसूं दी. थंय रत्नी बसली आसा." मी वाटी घेऊन परत आले. मला देवाचं फारसं काही वाटत नाही, पण त्या रात्री मीही माझ्या देव्हाऱ्यात दिवा लावला नाही.

काही आठवड्यांनी रत्नी किनाऱ्यावर आली. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही बाईंबरोबर दोराला लागले होते. सासूचं सगळं आवरून रत्नीला उशीर झालेला, निम्मं जाळं आत आलं होतं. ती कुणाशी न बोलता रांगेच्या शेवटी उभी राहिली आणि तिने दोर धरला. भिकाजी तांडेल हा रापणीचा प्रमुख, लहानपणी फिलूबाईंबरोबर एकाच वर्गात शिकलेला, स्वभावाने वाईट नव्हता. पण ठराव त्याच्याच पुढाकाराने झालेला. त्याने तिला दोर सोडायला सांगितलं. ती सोडेना. ते बघून पुढच्या माणसांनी ओढायचं थांबवलं. जाळं लाटांत तसंच उभं राहिलं, आणि थांबलेल्या जाळ्यातून मासे खालून निसटतात हे सगळ्यांना माहीत होतं.

"आधी वडा," फिलूबाई म्हणाल्या. "भांडण मागसून."

ते सगळ्यांनाच पटलं. जाळं वर आलं तेव्हा तारल्यांचा रुपेरी ढीग पडला, त्या मोसमातली पहिली चांगली रापण. तांडेलाने वाटे काढले. सगळे वाटे लागल्यावर त्याने ओंजळभर तारल्या उचलल्या आणि रत्नीसमोर धरल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हे मी पाहिलं. बाबल त्याचा मित्र होता. रत्नीने पदर पसरायला घेतला.

"रत्ने, घेव नको," फिलूबाई म्हणाल्या आणि तांडेलाकडे वळल्या. "निस्त्याक नको तिका. वाटो दी."

तांडेल आवाज न चढवता म्हणाला, "हिच्या घोवान जाळां इकल्यान आनी ट्रॉलरार गेलो. आता उशिरान येवन दोराक हात लायल्यान म्हणान वाटो? ठराव तूच केलंस मा, फिलू?"

"केलंय. चुकलंय," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी तिथेच, वाळूत उभ्या राहून येशूची द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली. फक्त त्यात द्राक्षं नव्हती, आमच्याकडे ती कुणी वेलीवर पाहिलेली नाहीत. त्यांनी काजूची बाग केली. बागेचा मालक पहाटे नाक्यावर जाऊन गडी घेऊन येतो, परत दुपारी आणतो, आणि दिवस कलायला आल्यावर अजून नाक्यावर बसलेल्यांनाही आणतो, कारण त्यांना कुणी कामावर घेतलेलंच नसतं. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. पहाटे आलेले कुरकुरतात. मालक म्हणतो, तुमचं ठरलेलं तुम्हाला मिळालं, मी याला दिलं तर तुमच्या पोटात का दुखतं? माणसं ऐकत होती. काहींच्या माना हललेल्या मी पाहिल्या, आणि वाटलं आता तांडेल विरघळणार.

तांडेल विरघळला नाही. "तो बागेचो धनी होतो, बाय. तेची बाग, तेची खुशी," तो म्हणाला. "हंय धनी कोण?"

बाईंनी छत्रीने समुद्र दाखवला. "तो बघ. तेनी कधी कोणाक इचारल्यान, तू कितक्या वाजता इलंस म्हणान?"

मग तांडेलाने त्याच्या मते शेवटचं सांगितलं. "तुझो पाठ इगर्जेत सांग. हंय संघाचो कायदो."

मला वाटतं त्या वेळी दुसऱ्या कुणी रडारड केली असती किंवा पाय आपटत घर गाठलं असतं. मी तर बाईंचा हात धरून त्यांना ओढायलाच निघाले होते. पण त्या शांत झाल्या, आणि त्या शांत झाल्या की भीती वाटायची.

"बरां," त्या म्हणाल्या. "कायदो तर कायदो. माझ्या बापाशीचां जाळां रापणीत आसा मा?"

"आसा."

"तां आजपासून रत्नीचां. आता काढ तिचो वाटो."

त्या जाळ्यावर बाईंचा बाप राबला होता, आणि त्यांच्या घरात रोजचा मासा येई तो त्याच जाळ्याच्या जोरावर. आणि तुला काय राहिलं, असं तांडेलाने विचारलं तेव्हा बाईंनी दोराने सोललेले दोन्ही तळवे त्याच्यासमोर धरले. "माका हात आसत." मग आपला लागलेला वाटा त्यांनी स्वतः उचलून रत्नीच्या पदरात टाकला. घरी मात्र त्या दिवशी आम्ही दोघींनी डाळ शिजवली.

गावाला तोंडी लावायला महिनाभर हेच पुरलं. ख्रिस्ती माणसं म्हणत, बाईने बापाचं जाळं हिंदूंच्या घरात दिलं. वाडीतल्या काही बायका म्हणत, रत्नीने किरिस्तांवाचं जाळं घेतलंच कसं? बाईंनी दोन्हीकडे एकच उत्तर दिलं, "जाळ्याचो बाप्तिस्मो कोणी केल्लो?" रत्नी बिचारी धास्तावली होती. तिने येऊन सांगितलं की एवढं मला पेलायचं नाही. बाईंनी तिला चहा दिला आणि उद्या वेळेवर ये, एवढंच म्हणाल्या.

त्याच जानेवारीत इगर्जेचं फेस्त होतं, म्हणजे वार्षिक सण. आंतोनने इगर्जेला नवी पितळी घंटा दिली होती. मंडप, रोषणाई, सगळं गाव जेवायला. बाईंनी मला बोलावलं होतं म्हणून मी मागच्या बाकावर बसले. आंतोन नवा कोट घालून पहिल्या रांगेत होता. फादरांनी घंटेला आशीर्वाद दिला, आंतोनचं कौतुक केलं, आणि भाविकांच्या प्रार्थना वाचायला फिलूबाई उभ्या राहिल्या.

त्यांनी पोपसाठी प्रार्थना केली, बिशपांसाठी केली, देशासाठी केली. दर वेळी सगळे म्हणाले, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. मग त्याच सुरात, त्याच संथपणे त्या म्हणाल्या, "ज्या बोटीने ही घंटा दिली त्याच बोटीवरून बाबल गेला. त्या बोटीचं कुणी अजून त्याच्या दारात गेलेलं नाही. आमच्या आंतोनला त्या दारात जायचं धैर्य मिळावं म्हणून आपण प्रार्थना करू या."

आणि सगळी इगर्ज एका सुरात म्हणाली, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

तोंडून गेल्यावर माणसांना कळलं की आपण काय म्हणालो. कुणी खोकलं, कुणी मागे वळून बघितलं. आंतोनही म्हणाला होता, मी त्याचे ओठ हलताना पाहिले. त्या ओघात मीसुद्धा म्हणून गेले होते, आणि माझा तर त्या प्रार्थनेशी काही संबंधही नव्हता. बाईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि जागेवर जाऊन बसल्या.

आंतोन रत्नीच्या दारात गेला. पुढच्याच आठवड्यात गेला, बाहेरच्या पायरीवर बराच वेळ बसला आणि रडला, असं रत्नीनेच सांगितलं. आतेच्या दारात मात्र तो त्यानंतर कधीच आला नाही. पुढच्या नाताळला बाईंनी न्हेवऱ्या, म्हणजे करंज्या, केल्या, केळीच्या पानावर मांडल्या, आणि संध्याकाळी त्या शेजारच्या पोरांना वाटून टाकल्या. मी त्यांना म्हटलं, चार माणसांत तुम्ही बोलला नसतात तर चाललं असतं. त्या म्हणाल्या, "चार माणसांत घंटा दिल्यान मा?" आणि मग पाठ फिरवून भांडी घासत राहिल्या. त्यांना त्याची फार आठवण येत असे. तसबिरीसमोर त्या त्याचं नाव घेत, ते मला भिंतीतून ऐकू येई.

फादरांनीही त्यांच्याकडून प्रार्थना काढून घेतल्या. अगदी प्रेमाने सांगितलं की यापुढे छापील कागदच वाचायचा आहे. "छापील कागदात आमचो गाव खंय आसा?" असं विचारून बाई घरी आल्या. पुढच्या रविवारी संध्याकाळी त्या रस्त्याकडेच्या खुरसापाशी गेल्या. हा दगडी क्रूस, त्याला सगळेच मानतात. वाडीतल्या बायका त्याला अबोलीचे वळेसर घालतात, होडीवर जाणारे त्याच्यासमोर क्षणभर थांबतात. बाई पायरीवर बसल्या, पेपर उघडला आणि आपल्या प्रार्थना मोठ्याने म्हणायला लागल्या. पहिल्या रविवारी समोर मी आणि एक कुत्रा. पुढे दोघी-तिघी बायका येऊन बसायला लागल्या, मग बऱ्याच. कुणी आपल्या घरचं सांगे, बाई त्याला पेपरातल्या कशाशीतरी जोडत, आणि शेवटी विचारत, काय गावला? तिथे कुणी धर्म बदलला नाही, माझाही बदलला नाही. बाई मात्र दर रविवारी जात राहिल्या, आणि कुणी हटकलं की म्हणत, "इगर्जेत बंद केल्यानी. खुरीस खंय बंद केल्यानी?"

२००५ मध्ये माझी बदली परत सावंतवाडीला झाली. मग भेटी कमी झाल्या. बाई एकदा विहिरीवर पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. छत्री आता त्यांची काठी झाली. आंतोनने माणूस पाठवला होता, तो त्यांनी परत पाठवला, तू ये म्हणून. तो आला नाही. रत्नी आणि तिची मुलगी आळीपाळीने येऊन बघत होत्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते २००९ च्या डिसेंबरात. मी पोहोचले तेव्हा त्या झग्यावर स्वेटर घालून दारात बसल्या होत्या. किनाऱ्याकडून गलका ऐकू येत होता. "रापण लागली आसा," त्या म्हणाल्या, "चल." मी खूप सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उठल्या. दहा पावलं चालायची, थांबायचं, परत चालायचं. आम्ही वाळूवर पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. जाळं वर आलेलं, माणसं घाम पुसत बसलेली. भिकाजी तांडेल जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याचा मुलगा आता तांडेल होता, पण वाटे काढायचं काम रत्नीकडे होतं. तिने काढलेल्या वाट्यावर कुणी वाद घालत नाही, असं मला नंतर सांगितलं गेलं.

फिलूबाईंनी छत्री माझ्या हातात दिली. वाळूत सैल पडलेल्या दोराचं टोक त्यांनी वाकून, मोठ्या कष्टाने उचललं आणि दोन्ही हातांनी ओढलं. ओढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दोर नुसता वाळूवरून सरकत त्यांच्या पायाशी आला. एक पोरगेलासा गडी हसला आणि म्हणाला, "फिलूबाय, झाला मा सगळा. बसा आता." त्यांनी दोर सोडला नाही.

रत्नी उठली. तिने ढिगातून एक भला मोठा सरंगा निवडला, समुद्राच्या पाण्यात धुतला आणि दोन्ही हातांवर घेऊन बाईंसमोर आली. इतका चांगला मासा त्या दिवशी दुसरा नव्हता.

"ह्यां काय?" बाईंनी विचारलं.

"तुमका निस्त्याक, बाय."

बाईंनी त्या माशाकडे पाहिलंसुद्धा नाही. "रत्ने, निस्त्याक नको," त्या म्हणाल्या. "वाटो दी."

मघाचा गडी कुणाला तरी म्हणाला की आता तर हात लावला, आणि जाळंही नाही. ते सगळ्यांना ऐकू गेलं. रत्नीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग तिने सरंगा ढिगात परत टाकला, खाली बसली, आणि लागलेल्या प्रत्येक वाट्यातून थोडं थोडं काढायला लागली. सुरुवात आपल्या वाट्यापासून केली. त्या गड्याच्या वाट्यातूनही तिने काढलं, त्याने पाय मागे घेऊन तिला जागा करून दिली. शेवटी वाळूवर एक नवा वाटा तयार झाला, बांगडे, तारल्या, चार पेडवे, सगळ्यांसारखाच.

फिलूबाई वाकून बघत होत्या. "माझो जरा मोठो केलंस," त्या म्हणाल्या. "काढ दोन."

रत्नीने दोन बांगडे काढले. ती रडत होती आणि हसतही होती.

परत येताना बाई खुरसाच्या पायरीवर टेकल्या. मासे टॉवेलात बांधून मांडीवर घेतलेले. बराच वेळ दम खात राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्सां मी ती काजूच्या बागेची गोष्ट सांगलंय. पण मी सदा सकाळी इलेल्यांतली. उशिरान इलेल्याक हात फुडे करूक कितको जोर लागता, ता माका आज गावला." आणि लगेच माझ्याकडे बघून, "रडतंस कित्याक गो, सावंतवाडयेची?" मी म्हटलं, डोळ्यात वाळू गेली. त्या म्हणाल्या की मग डोळे धू, तुझी गाडी येईल.

गाडी आलीच. त्या उठायला तयार नव्हत्या, रत्नीची मुलगी येऊन घेऊन जाईल म्हणाल्या. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या आणि मला कळलं ते सगळं उरकल्यावर. म्हणून मला आठवतात त्या तिथेच बसलेल्या. मी गाडीत खिडकीशी बसले होते. रस्त्याने डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई चालली होती. पायरीपाशी थांबून तिने, इथे सगळेच विचारतात तसं विचारलं, "फिलूबाय, काय गावला?"

बाईंनी टॉवेलाची गाठ तिला दिसेल अशी वर धरली. मान ताठ होती.

"वाटो," त्या म्हणाल्या. "माझो वाटो."